रजेच्या अर्जात आम्ही 'कावीळ' लिहिलं

सांजवेळ

मागच्या महिन्यात माझ्या मोठ्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. आदल्या रात्री आम्ही घरातली चार माणसं दीड तास एकाच गोष्टीवर बोलत बसलो होतो, ती म्हणजे ऑफिसात काय सांगायचं. त्याच्या तब्येतीचं काय, तिथे त्याला कसं ठेवतील, हे सगळं मागे पडलं.

आई म्हणाली, टायफॉइड सांगा. बाबा म्हणाले, त्याला एवढी रजा कोण देतं? शेवटी वहिनीने 'कावीळ' सुचवलं. दादाचे डोळे तसेही पिवळट दिसायला लागले होते, त्यामुळे कुणाला शंका आली नसती. अर्ज तिनेच लिहिला. दादाने दुपारपासून घेतली नव्हती. सहीसाठी पेन हातात धरलं तर हात इतका थरथरत होता की टोक कागदावर टेकेना. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळलं आणि सही केली. वहिनीने कागद दोन्ही बाजूंनी दाबून धरला होता. त्या वेळी आम्ही कुणीच एकमेकांकडे पाहिलं नाही.

ज्या ऑफिसपासून हे लपवलं, त्याच ऑफिसातल्या माणसांनी गेली अठरा-वीस वर्षं दादाच्या पिण्याचं कौतुक केलंय. "याला चढतच नाही", "चार झाल्या तरी गडी सरळ रेषेत चालतो", "कंपनी द्यावी तर यानेच." नवीन लागलेल्या मुलांना त्याच्या शेजारी बसवायचे, जरा शीक म्हणून. बढती मिळाली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला बाटलीच भेट दिली होती, सोबत सगळ्यांच्या सह्या असलेलं कार्ड. ते कार्ड वहिनीच्या कपाटात अजून आहे.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या भाषेत याला दोन क्रियापदं आहेत. एक 'घेतो', दुसरं 'पितो'. चांगल्या घरातला, चांगल्या नोकरीतला माणूस 'घेतो'. "तुम्ही घेता का?" हा अगदी आदराने विचारायचा प्रश्न. आणि ज्याचं सगळं हाताबाहेर गेलंय, तो 'पितो'. माझा दादा वीस वर्षं 'घेत' होता. मग कधीतरी एके दिवशी नातेवाइकांच्या बोलण्यात तो 'प्यायला' लागला. बाटली तीच, माणूस तोच. क्रियापद बदललं त्या दिवशी त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. फक्त घरी येणं-जाणं कमी झालं, आणि मुलांना त्याच्या गाडीतून पाठवायचं बंद झालं. (गाडीतून पाठवणं बंद केलं ते योग्यच होतं. पण कारण त्याला तोंडावर सांगितलं असतं तर कदाचित तो तेव्हाच थांबला असता, असं मला राहून राहून वाटतं.)

माझी खरी तक्रार आम्हा घरच्यांबद्दल आहे. तो पीत होता तोपर्यंत आम्हाला लोकांची लाज वाटली नाही. सणासमारंभाला त्याच्या हातात ग्लास असायचा आणि आम्ही फोटो काढायचो. लाज वाटायला लागली ती त्याने पहिल्यांदा "मला मदत पाहिजे" म्हटलं तेव्हा. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं वाक्य होतं ते, आणि आम्ही ते काविळीखाली झाकलं.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? कौतुक संपून तिरस्कार कधी सुरू होतो, आणि मधल्या काळात कुणी काहीच का बोलत नाही?

---

थेंबभर

ताई, तुमच्या दादांना लवकर बरं वाटो. लिहिलंय ते मनाला लागलं. पण थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका.

मी घेतो. महिन्यातून दोन-तीनदा, मित्रांबरोबर. माझ्यासारखे असंख्य लोक आहेत ज्यांचं आयुष्य त्यामुळे बिघडलेलं नाही. एखाद्याला झेपलं नाही म्हणून सगळ्या समाजाला दोषी धरायचं का? अमेरिकेने १९२० ते १९३३ दारूबंदी करून पाहिली. चोरटी दारू, गुन्हेगारी टोळ्या, शेवटी घटनेत पुन्हा दुरुस्ती करून बंदी उठवावी लागली. पिणं ही वैयक्तिक बाब आहे आणि मर्यादा ज्याची त्याने पाळायची. कुणी कुणाच्या तोंडात ओतत नाही.

---

कोरडा किनारा

थेंबभर, बंदी घाला असं धाग्यात कुणीच म्हटलेलं नाही. आणि तोंडात ओतत नाहीत हे खरं असलं तरी ओतण्याच्या फार जवळ जातात. मी अकरा वर्षं सोबर आहे, म्हणजे दारूला शिवलेलो नाही, म्हणून सांगू शकतो.

दारू सुटल्यावर पहिल्या वर्षात मला सगळ्यात जास्त त्रास तलफेचा झाला नाही. "का घेत नाहीस?" या प्रश्नाचा झाला. इतर कुठल्याच पदार्थाबद्दल हा प्रश्न येत नाही. सिगारेट नको म्हटलं तर लोक "छान" म्हणतात. दारू नको म्हटलं की खुलासा द्यावा लागतो. "मी थांबवलीय" हे कारण कुणालाच पुरत नाही. मग मी शिकलो, "अँटिबायोटिक चालू आहे" म्हणायचं. हे ऐकलं की सगळे लगेच मान डोलवायचे. म्हणजे आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी न पिणं चालतं, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी न पिणं चालत नाही. तुम्ही काविळीचं लिहिलंत ना, ताई, तर माझी कावीळ म्हणजे ही अँटिबायोटिकं. दोन वर्षं चालू होती ती.

एक मित्र तर माझ्यासमोर ग्लास ठेवून म्हणाला, "एकाने काय होतंय? आता तू बरा झालास की." त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला जुना मी परत हवा होता. मी कोरडा बसलो की त्याला त्याचा स्वतःचा ग्लास मोजावासा वाटायचा, हे मला फार नंतर कळलं. न पिणारा माणूस बैठकीत आरशासारखा असतो. तो काहीच बोलत नाही, तरी लोकांना अवघडल्यासारखं होतं.

मला वाचवलं ते एका खोलीतल्या दहा-बारा खुर्च्यांनी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन असे दोन दारुडे भेटले, तिथून ही चळवळ सुरू झाली. बिल तेव्हा काही महिनेच सोबर होता, आणि कामाचा सौदा फिसकटला म्हणून पुन्हा प्यावंसं वाटत होतं. त्या घटकेला त्याला सल्ला देणारा नको होता, दुसरा दारुडा हवा होता. मला ही गोष्ट पहिल्या मीटिंगला सांगितली गेली तेव्हा मी रडलो. कारण तोपर्यंत मला एक तर टाळ्या वाजवणारे भेटले होते किंवा थुंकणारे. "हो, माझंही असंच व्हायचं" म्हणणारा पहिल्यांदाच भेटला.

आणि 'ॲनॉनिमस', म्हणजे निनावी, का, तर नाव कळलं की समाज पुन्हा पिणं माफ करेल पण सुटणं माफ करणार नाही, हे त्या लोकांना तेव्हाच ठाऊक असावं. हे माझं मत, चळवळीचं नाही.

---

पाऊलखूण

"टाळ्या वाजवणारे किंवा थुंकणारे". अगदी अगदी. वडिलांच्या बाबतीत हेच पाहिलं. जास्त लिहवत नाही.

---

मनोवैद्य

मी मानसोपचार विभागात काम करतो, व्यसनाचे रुग्ण रोज पाहतो. सांजवेळ ताई, आधी एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, पुढे हा धागा वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून.

तुम्ही वर्णन केलेली ती रात्र धोक्याची होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना 'डिलिरियम ट्रेमेन्स' होतं. माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी पळते, आणि उपचार नसतील तर मृत्यूही होऊ शकतो. यामागचं कारण सोपं आहे. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते. मेंदू तोल सांभाळायला ॲक्सिलरेटरवर पाय वाढवत नेतो. दारू एकदम गेली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. म्हणून "हिंमत असेल तर आजपासून सोड" हे ऐकायला जोरकस वाटलं तरी अशा माणसासाठी जीवघेणं ठरू शकतं. त्या दिवसांत त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावं लागतं, थरथर आणि फिट आवरणारी औषधं द्यावी लागतात, आणि बी-वन जीवनसत्त्व इंजेक्शनने द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरं. "याला चढतच नाही" हे कौतुकाचं वाक्य वाचून मी थांबलो. आम्ही डॉक्टर ज्याला धोक्याची खूण समजतो, नेमकी तीच बैठकीत पदकासारखी मिरवली जाते. ज्याला थोड्यात चढते, त्याचं शरीर त्याला थांबवतं. ज्याला चढत नाही, त्याच्याकडे तो अडथळाच नसतो. तरुणपणी दारूचा परिणाम कमी जाणवणाऱ्यांना पुढे व्यसन लागण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि चढली नाही म्हणजे यकृताला लागली नाही, असं मुळीच नाही. यकृत ग्लास मोजतं, चाल पाहत नाही.

थेंबभर, 'ज्याची त्याची मर्यादा' याबद्दल. व्यसन लागण्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. एकाच टेबलावर दोघे जण सारखीच घेतात, एकाला वीस वर्षांनी काही होत नाही, दुसऱ्याचं घर जातं. पहिल्याचा त्यात मोठा संयम असतो असं नाही. दारूबंदीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तरी त्या काळात तिथे सिरॉसिसचे, म्हणजे यकृत निकामी होण्याच्या आजाराचे, मृत्यू कमी झाले हेही खरं आहे. चित्र दोन्ही बाजूंनी गुंतागुंतीचं आहे.

आणि हा प्रश्न दोन-चार दुबळ्या माणसांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभरात दारूमुळे २६ लाख माणसं गेली, त्यात २० लाख पुरुष. दारूच्या सेवनाचा विकार असलेले सुमारे ४० कोटी लोक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. तंबाखूच्या पाकिटाकडे आपण कसं पाहतो आणि सुंदर वेष्टनातल्या बाटलीकडे कसं पाहतो, ते स्वतःशी ताडून पाहा.

हात जोडून एक विनंती. काही घरांत रुग्णाला न सांगता जेवणातून दारू सोडवण्याच्या, डायसल्फिरामच्या गोळ्या देतात. असं कधीही करू नका. त्या गोळ्या पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध त्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्झोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. त्याबद्दल त्याच्या डॉक्टरांशी बोला.

---

धाकटी

डॉक्टरांचं सगळं वाचलं. पटलंही. तरी मला काही सांगायचंय, आणि ते कडू आहे.

मी दारुड्या बापाची मुलगी. लहानपणी मी अंथरुणात पडून किल्लीचा आवाज ऐकायची. किल्ली कुलपाला एकदा-दोनदा घासून आत गेली तर झोपायला हरकत नाही. पाच-सहा वेळा घासली की मी भावाला उठवून न्हाणीघरात घेऊन जायची आणि आतून कडी लावायची. आठव्या वर्षापासून मी हे मोजत होते. अजूनही रात्री कुणाच्या दाराची किल्ली अडली की मला जाग येते.

शेजाऱ्यांना सगळं ऐकू यायचं. सकाळी ते आईला म्हणायचे, "प्यायल्यावर भान नसतं हो, एरवी देवमाणूस आहे." हे 'एरवी देवमाणूस' वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पण भान नव्हतं असं नाही. साहेबांच्या घरी पिऊन माझ्या बापाने कधी आवाज चढवला नाही. रस्त्यात पोलीस दिसला की नीट चालायचा. भान फक्त उंबरठ्याच्या आत जायचं. समाज दारूला कसा वापरतो ते बघा. पुरुषाने मारलं तर "प्यायला होता" म्हणून त्याचा दोष कमी होतो. एखादी बाई प्यायली असताना तिच्यावर कुणी हात टाकला तर "प्यायली होती" म्हणून तिचाच दोष वाढतो. एकच दारू, एकाची ढाल आणि दुसरीच्या गळ्यातला फास.

आता सगळे म्हणतात हा आजार आहे. असेल. पण आजार म्हटलं की आम्हीच पुन्हा समजूतदार व्हायचं का? त्याच्या आजाराला केंद्र आहे, औषध आहे, मीटिंग आहे. आमच्या त्या न्हाणीघरातल्या रात्रींना काय आहे? बाप शेवटची चार वर्षं प्यायला नाही. त्याच्या अंत्ययात्रेत लोकांनी त्या चार वर्षांचं केवढं कौतुक केलं. आईच्या सव्वीस वर्षांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

सांजवेळ, तुमच्या वहिनींना कुणीतरी विचारा, त्या कशा आहेत.

---

सांजवेळ

धाकटी, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून वहिनीला फोन केला. खरंच विचारलं नव्हतं कुणी. तिने आधी "मी ठीक आहे" म्हटलं, मग बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पंधरा दिवस झाले, रात्री सलग झोप लागतेय, आणि त्याचंच अपराधी वाटतंय." मी काय बोलणार? ऐकत राहिले.

डॉक्टर, त्या रात्रीचं वाचून अंगावर काटा आला. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दादा रात्रभर घामाने भिजला होता आणि आम्ही समजत होतो, घाबरलाय.

---

मनोवैद्य

धाकटी, तुम्ही म्हणता ते कडू नाही, पुरेपूर खरं आहे. 'आजार' या शब्दाने दारू थांबवणं इतकं अवघड का जातं, एवढाच उलगडा होतो. पण त्या शब्दाने घरात जे झालं ते पुसलं जात नाही, त्याची जबाबदारीही संपत नाही. माफ करणं हा उपचाराचा भाग नाही. तुम्हाला ते कधीच करावंसं वाटलं नाही तरी तुम्ही चुकत नाही.

न्हाणीघरातल्या रात्रींना काय आहे, असं विचारलंत. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाची अशीच मीटिंगांची चळवळ आहे, १९५१ पासून. बिल विल्सनची बायको लोइस हिने दुसऱ्या एका पीडित पत्नीबरोबर ती सुरू केली. नवरे मीटिंगला आत बसलेले असायचे आणि बायका बाहेर वाट पाहत थांबायच्या, त्या थांबण्यातून ते उभं राहिलं. दारुड्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांचेही गट आहेत. तिथे तुमच्या किल्लीची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

---

अबोली

मी दारू सोडलेली बाई आहे. साडेतीन वर्षं झाली. धागा दोन दिवस नुसता वाचत होते, आज लिहिते.

सांजवेळ, तुमच्या 'घेतो' आणि 'पितो' मध्ये आणखी एक आहे. बाई हातात ग्लास घेऊन मैत्रिणींबरोबर फोटोत असेल तर ती पुढारलेली. "आमच्या हिला चालते हो" असं नवरे चारचौघांत अभिमानाने सांगतात. तीच बाई एकटी, दार लावून घ्यायला लागली की तिच्यासाठी शब्दच उरत नाही. पुरुष दारुडा झाला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला कसलं तरी दुःख असेल. बाईच्या दुःखाची चौकशी होत नाही, चारित्र्याची होते.

मी स्टीलच्या पेल्यातून प्यायची, बाहेरून काही दिसायला नको म्हणून. पेला सिंकपाशी ठेवायची, पाणी पितेय असं वाटावं म्हणून. दिवसातून चार वेळा दात घासायची. दोन वेळा डॉक्टरांकडे गेले, एकदा पोटदुखीसाठी, एकदा झोप येत नाही म्हणून. दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही, "तुम्ही पिता का?" कारण समोर नीटनेटकी साडी होती. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं म्हणा. पण त्या प्रश्नाने निदान कळलं असतं की असंही होऊ शकतं, माझ्यासारख्या बाईलाही.

घरी कळल्यावर पहिलं वाक्य होतं, "बाहेर कळता कामा नये." केंद्राचा विषय पाच महिन्यांनी निघाला. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या पुरुषांना भेटायला दर आठवड्याला बायका यायच्या, डबे घेऊन, मुलांना घेऊन. आम्हा तिघी बायकांपैकी एकीला भेटायला तिचा नवरा यायचा. बाकी दोघींना कुणी नाही. मी त्या दोघींतली.

डॉक्टर सांगतीलच, पण बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त भिनते आणि यकृत लवकर जातं. म्हणजे आम्हाला वेळ कमी मिळतो, आणि लपवण्यात आम्ही तो जास्त घालवतो.

---

पाऊलखूण

अबोली ताई, साडेतीन वर्षांसाठी मनापासून अभिनंदन. हे लिहिल्याबद्दल त्याहून जास्त.

---

खुर्ची

मी सांजवेळ यांच्या भावाच्या साहेबांच्या जागी असलेला माणूस आहे. म्हणजे त्यांचा साहेब नव्हे, पण तशाच खुर्चीतला.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एकाने काविळीचं सांगितलं नाही. दार लावून समोर बसला आणि म्हणाला, "सर, मला दारूचा प्रॉब्लेम आहे. दीड महिना पाहिजे." मी रजा दिली. पाठीवर हात ठेवला. तो परत आल्यावर त्याच्याकडचं बाहेरच्या लोकांना भेटण्याचं काम मी काढून घेतलं, ताण नको म्हणून. पार्टीला बोलावणं बंद केलं, मोह नको म्हणून. पुढच्या बढतीच्या यादीत नाव घातलं नाही, अजून एक वर्ष बघू म्हणून. हे सगळं मी त्याच्या भल्यासाठीच करतोय अशी माझी खात्री होती. आठ महिन्यांत त्याने राजीनामा दिला.

त्याच यादीत मी ज्याचं नाव घातलं, तो दर पार्टीत शेवटपर्यंत टेबलावर असायचा. त्याच्याबद्दल मला एकदाही शंका आली नाही. आज धागा वाचताना हे दोघे शेजारी-शेजारी दिसले आणि मला खाली बसावं लागलं. ताई, तुमच्या वहिनींनी कावीळ लिहिली ते मला समजतं. माझ्यासारख्याच्या टेबलावर तो अर्ज येणार होता.

---

कोरडा किनारा

खुर्ची, त्या माणसाचा नंबर असेल तर फोन करा. आजही उशीर झालेला नाही. माफी मागायला नको, नुसतं "मी चुकलो होतो" म्हणा. माझ्या साहेबांनी सहा वर्षांनी केला होता. मी तो दिवस विसरलेलो नाही.

---

थेंबभर

परत आलोय. वरचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण काल संध्याकाळी आमची बैठक होती. एक मित्र नको म्हणाला, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "का रे? गोळ्या चालू आहेत का?" तो नुसता हसला. मी मात्र तिथेच गप्प झालो. कुणी कुणाच्या तोंडात ओतत नाही, असं मीच इथे लिहिलं होतं.

घरी येऊन ते चार प्रश्न शोधून वाचले, डॉक्टर लोक विचारतात ते. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी तुमच्या पिण्याबद्दल बोललं की चीड येते का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? शेवटच्याला नाही. पहिल्याला नाही. दुसऱ्याला मी थांबलो. हिने गेल्या महिन्यात काहीतरी म्हटलं होतं आणि मी दोन दिवस बोललो नव्हतो. महिन्यातून दोन-तीनदा असंही मी लिहिलं होतं. मोजलं तर गेल्या महिन्यात सात वेळा झालं.

डॉक्टर, एका प्रश्नाला हो म्हणजे काय समजायचं?

---

मनोवैद्य

थेंबभर, एका उत्तरावरून निदान होत नाही, घाबरू नका. दोन किंवा जास्त 'हो' असतील तर नीट तपासायला हवं, असा साधारण संकेत आहे. पण सात वेळा मोजलंत ते फार महत्त्वाचं. पुढचा महिना वहीत लिहा, प्रत्येक वेळेचं, किती ते. आणि पत्नीला त्या वेळी काय म्हणायचं होतं ते आज विचारा. तुमच्यासारख्या, अजून सगळं हातात असलेल्या माणसाने डॉक्टरांशी बोलावं, हीच खरी वेळ असते. लोक आमच्याकडे पंधरा वर्षं उशिरा येतात.

---

सांजवेळ

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. घरी मोठ्याने वाचून दाखवला धागा, आईबाबांना. अबोली यांचा प्रतिसाद वाचताना बाबा उठून बाल्कनीत गेले.

परवा एक झालं, ते लिहिते. दादाच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राचा वहिनीला फोन आला. अगदी आपुलकीचा. पथ्य नीट पाळताय ना, फळं खातोय ना, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला का. आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, कावीळ बरी झाली की त्याला आमच्या ताब्यात द्या. जोरदार बसायचंय. सगळ्यांनी ठरवलंय."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तो आता घेत नाही."

पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग, "बरोबर आहे, काविळीनंतर सहा महिने नकोच." वहिनी म्हणाली, "सहा महिने नाही. कधीच नाही. त्याला कावीळ म्हणून रजा घेतली होती, तो दारूसाठी दाखल आहे." तिने मला सांगितलं, तिने हे ठरवून म्हटलं नाही, तोंडातून निघून गेलं. त्या मित्राने "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "वहिनी, ते केंद्र कुठे आहे? माझ्यासाठी नाही, एका ओळखीच्यासाठी विचारतोय." तिने पत्ता दिला.

दादा पुढच्या शनिवारी घरी येतोय. केंद्रातल्या समुपदेशकांनी सांगितलंय की पहिली संध्याकाळ मोकळी ठेवू नका. साडेसहा ते साडेआठ ही त्याची वेळ होती, वीस वर्षांची. त्या दोन तासांत त्याला काय करायला द्यायचं, हे आम्हाला कुणालाच सुचत नाहीये. आईचं म्हणणं, नातेवाइकांना बोलवू. वहिनी नको म्हणते.

---

कोरडा किनारा

नातेवाइकांना नको, वहिनींचं बरोबर आहे. त्याला त्या दिवशी कुणाला तोंड दाखवायला लावू नका.

बऱ्याच ठिकाणी संध्याकाळच्या मीटिंगा नेमक्या याच वेळेला असतात, त्याचं कारणही हेच. केंद्रातून जवळच्या गटाचा पत्ता आजच घेऊन ठेवा. शनिवारी सहाला घरातून निघा, तुमच्यापैकी एकाने सोबत जा. बोललं पाहिजे असं काही नसतं, मागच्या खुर्चीवर बसला तरी चालतं. मी पहिल्या तीन मीटिंगांत तोंड उघडलं नव्हतं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आणि शेजारच्या माणसाने काही न विचारता माझा कप अर्धाच भरला होता. सांडू नये म्हणून.

हात थरथरत असतील तर काळजी करू नका. तिथे सगळ्यांना ते माहीत असतं. मला निरोप पाठवा, मी शनिवारी साडेपाचला फोन करतो त्याला.